साथगंध

तृप्ती चौगुलेने चिमट्याने कापसाची चौकोनी घडी उचलली आणि काचेच्या नळीत सोडली. त्या घडीने काल सहा तास आक्काताई मगदूम यांच्या काखेत काढले होते. आक्का मात्र त्या सहा तासांत एका बाळंतिणीची कंबर मुठीने रगडत होत्या, तिला चमच्याने पाणी पाजत होत्या आणि मध्येच डॉक्टरांना "मराठीत सांगा की वो, तिला कळंल असं" म्हणून दटावत होत्या. कापसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यात फक्त घाम होता. तृप्तीला तेवढाच हवा होता.

घामातले रेणू वेगवेगळे करणारं रेणुछाननी यंत्र गुणगुणलं. पडद्यावर आलेखाची अकरा शिखरं उमटली, नेहमीची अकरा.

"हीच ती?" मागून डॉ. भडसावळेंनी विचारलं. त्या परीक्षण समितीच्या प्रमुख. पुण्याहून आज सकाळीच मिरजेला आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांनी चहाही घेतला नव्हता.

"हीच. आम्ही यांना साथगंध म्हणतो," तृप्ती म्हणाली. "अकरा रेणू, ठरावीक प्रमाणात. एक जरी वगळला तरी परिणाम शून्य."

"परिणाम कसला, ते मला शाळेतल्या मुलीला सांगतात तसं सांगा. अहवाल मी वाचलाय, पण अहवालातलं मराठी फार सज्जन असतं."

खिडकीशी उभे असलेले डॉ. उपाध्ये हसले. प्रसूतिसंशोधन केंद्र त्यांचं, आणि तृप्तीला प्रयोगशाळेतल्या बाटल्यांतून बाहेर काढून बाळंतिणींच्या मजल्यावर आणणारेही तेच. "सांग, तृप्ती."

"कळा देणारी हरिणी लांडग्याचा वास आला की थांबते," तृप्तीने सुरुवात केली. "भीतीचं संप्रेरक वाढतं, गर्भाशय आखडतं, प्रसूती लांबते. बाईचंही तसंच. फरक एवढाच, की हरिणी बाळंतपणासाठी एकांत शोधते आणि माणूस सोबत शोधतो. कळा चालू असताना बाईचा मेंदू एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो. माझ्यासाठी कुणी जागं आहे का? उत्तर 'हो' आलं, की पहारा सुटतो. भीती उतरते, कळा जोर धरतात. बाळंतपणभर एक सोबतीण शेजारी असली की वेळ कमी लागतो, शस्त्रक्रिया कमी होतात, हे दवाखान्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. मेंदूला ते 'हो' कळतं कशावरून, एवढंच माहीत नव्हतं."

"आणि ते कळतं नाकावरून."

"बऱ्याच अंशी. शांत, पण सावध असलेल्या माणसाच्या कातडीतून हे रेणू निघतात. तू नीज, मी जागी आहे, असं एक वाक्यच म्हणा. वास म्हणून तो जाणवतही नाही. चार-पाच श्वासांत परिणाम सुरू होतो, स्वच्छ हवेत दोन मिनिटांत ओसरतो. आक्कांच्या अंगात त्याचं प्रमाण इतरांच्या नऊपट आहे."

"म्हणजे तुम्ही वाक्य बाटलीत भरलंत."

"आक्का एक आहेत आणि खाटा अठरा," उपाध्ये म्हणाले. "त्या एकीजवळ बसल्या की सतराजणी एकट्या. मला ते सहन होईना."

ते खरंच होतं. उपाध्ये लबाड माणूस नव्हते.

भडसावळेंनी आकडे चाळले. सहाशे बारा बाळंतपणं. पहिलटकरणींचा वेळ साडेतीन तासांनी घटलेला. शस्त्रक्रिया शंभरात एकतीसवरून चौदावर. परिचारिकांनी डॉक्टरांना मारलेल्या हाका बासष्ट टक्क्यांनी कमी.

"हे शेवटचं काय?"

"घबराट कमी, म्हणून अनावश्यक हाका कमी," तृप्तीने सांगितलं. "तो सगळ्यात चांगला आकडा आहे."

"आणि गुंतागुंत?"

"सात. सातही वेळेत लक्षात आल्या, एकही दगावली नाही."

"कुणाच्या लक्षात आल्या?"

तृप्तीने केसपेपर काढून दाखवले. "ड्यूटीवरच्या परिचारिकेच्या. सह्या आहेत."

भडसावळेंनी सातही सह्या पाहिल्या. मग चष्मा काढला. "एक अडचण आहे. मंजुरीच्या अटीत लिहिलंय, की प्रयोग चालू असताना एक अनुभवी सोबतीण सगळ्या खोल्यांतून फिरती असेल. म्हणजे तुमच्या आक्का. मग हे यश गंधाचं की बाईचं?"

तृप्तीला हा प्रश्न आवडला. असे प्रश्न तिला गोड खाऊसारखे वाटत. "आक्कांना काढून पाहू," ती लगेच म्हणाली. "नुसत्या गंधावर, सगळा मजला."

उपाध्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

◆

आक्का खालच्या स्वयंपाकघरात आंबील ढवळत होत्या. तृप्तीने उभ्या उभ्याच सांगितलं. प्रयोग, अट, एक तारखेपासून संपूर्ण मजल्याच्या हवेच्या नळीतून गंध, आणि म्हणून आक्कांनी मजल्यावर यायचं नाही.

आक्कांनी पळी बाजूला ठेवली. "म्हंजे माझा घाम ठिवून घेताय आन् मला घरला लावताय?"

"आक्का, असं नाही. तुमचंच काम अठरा खाटांपर्यंत पोचणार आहे."

"माझं काम? माझं काम काय, सांग बघू."

"सोबत."

"आन् ती बाटली करनार?"

"आकडे तसंच सांगतात."

"आकडं." आक्कांनी आंबिलीत मीठ टाकलं, चाखलं, पुन्हा टाकलं. "तुजं लगीन झाल्यावर नवऱ्याचा बनियन उशाला घिऊन झोप. त्याला धाड बंगळूरला. सौंसार हुतोय का बघ, आन् मग मला आकडा सांग."

भांडी घासणाऱ्या दोघी खिदळल्या. तृप्तीचे कान तापले. या बाईला आपली जागा जाण्याचं दुःख आहे, हे तिला समजत होतं. पण दुःख हा काही युक्तिवाद नव्हे.

"आणखी एक," ती म्हणाली. "कांचनला तुम्हीच सांगा. ती माझं ऐकत नाही."

कांचन तिची धाकटी बहीण. नववा लागला होता. गेले तीन महिने ती दर मंगळवारी आक्कांकडे श्वास कसा सोडायचा ते शिकत होती आणि घरी येऊन नवऱ्याला, संग्रामला, समोर बसवून शिकवत होती. आक्कांनी काही सांगितलं नाही. शेवटी तृप्तीनेच बहिणीला समजावलं.

"मला आक्का पाहिजेत," कांचन म्हणाली. "तुझं मशीन नको."

"मशीन नाहीये ते. आक्काच आहेत, हवेतून."

"हवेतल्या आक्का माझी कंबर चोळणार?"

"कंबर मी चोळीन. मी असणार आहे ना तिथे. आणि कांचू, माझ्याच बहिणीसाठी मी नियम मोडला, तर हे सगळं कोण खरं मानेल?"

कांचनने पोटावर हात फिरवला. "तू असशील ना पण? पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

◆

नऊ तारखेला सकाळी सहाला कांचन दाखल झाली. दहाच्या सुमारास तृप्ती मनातल्या मनात पेढे वाटत होती.

असं बाळंतपण तिने पाहिलंच नव्हतं. कांचन कळ आली की खाटेच्या कठड्याला धरून उकिडवी बसे, लांब श्वास सोडे आणि कळ गेली की हसे. "ताई, दुखतंय गं, पण भीती नाही वाटत. गंमत आहे." प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या प्रसवलेखाची रेघ पुस्तकात छापावी इतकी सरळ वर चढत होती. संग्राम आधी तिचा हात धरून बसला होता; मग त्याला वाटलं, आहे की सगळे इथे, आणि तो पोहे खायला खाली गेला. परिचारिका फ्लोरिन सिस्टर गुणगुणत चादरी बदलत होत्या. मजला देवळाच्या ओवरीसारखा निवांत होता. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. सव्वातीन किलो, पहिल्याच श्वासाला दणकून रडली. उपाध्यांनी नाळ कापली, वार पडल्याचं पाहिलं, "शाब्बास, वाघीण," असं म्हणाले आणि हात धुऊन बाराव्या खाटेकडे गेले. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळावं म्हणून द्यायची सुई सिस्टरांनी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती.

साडेअकराला कांचनखालची चादर लाल झाली होती.

"होतंच थोडं," फ्लोरिन सिस्टर म्हणाल्या आणि दुसरी घडी घातली. पाच मिनिटांनी तीही भिजली. त्यांनी तिसरी घातली, बाळाचं टोपडं सारखं केलं आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

मॉनिटर वाजू लागला. नाडी एकशे अठरा. तृप्तीने आकडा वहीत लिहिला. थोड्या वेळाने एकशे अठ्ठावीस, वरचा रक्तदाब अठ्ठ्याऐंशी. तिने तेही लिहिलं, वेळेसह. याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं. गर्भाशय आवळत नाही, सैल पिशवीसारखं राहतं आणि आतल्या रक्तवाहिन्या उघड्या वाहतात. लवकर आवरलं नाही तर बाई जाते. वाक्य तिच्या डोक्यात स्वच्छ उमटलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेचं उत्तर. कॉरिडॉरमधल्या टेबलावरही तोच भोंगा वाजत होता. तिथल्या मुलीने मान वर केली, गोड हसली आणि आवाज कमी केला. बघत असेल कुणीतरी.

"ताई, थंडी वाजतेय," कांचन म्हणाली. तिचे ओठ कागदासारखे झाले होते. "पण छान वाटतंय."

तृप्तीने तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

त्याच वेळी फोन थरथरला. आक्का होत्या.

"झाली का गं मोकळी?"

"झाली, आक्का. मुलगी. अकरा वीसला."

"आन् ती कशी हाय?"

तृप्तीने वहीतून वाचून दाखवलं. नाडी, दाब, तीन भिजलेल्या घड्या. आवाज तिचा नेहमीचाच होता, बैठकीत आकडे सांगतानाचा.

 मग आक्का किंचाळल्या. "अगं रगात चाललंय तिचं! कोन हाय तिथं? डाक्टर कुठं हाय? बोलीव, बोलीव!"

"आहेत ते. बाराव्या खाटेपाशी."

"मग पळ की! फोन धरून काय बसलीयास?"

"हो, जाते," तृप्ती म्हणाली आणि बसून राहिली. जायला हवं होतं, त्यात शंका नव्हती. फक्त घाई कशाची, ते सापडत नव्हतं. ती स्वतःच्या आत उतरून घाई शोधत होती, अगदी प्रामाणिकपणे, रिकाम्या कपाटात हात घालावा तशी.

"तृप्ती, ऐक. त्या सात बायका आठवत्यात? तुज्या कागदावरच्या? त्या मी पकडल्या. सातीच्या साती. सिस्टर शेजारी उभी हुती, हसत. मी वरडले तवा हालल्या सगळ्या. त्याबी खोलीच्या भाईर काढल्यावर."

"पण सह्या..."

"सोबतिनीला केसपेपरवर सई कुठं असती गं? मी हाका मारायच्या, सिस्टरनी सई करायची. तुमचाच नियम न्हवं का त्यो!"

तृप्तीने वहीवर पेन टेकवलं. आणि तिथे, तिसऱ्या घडीतून लाल पाणी गादीवर उतरत असताना, तिला सगळं समजलं. इतकं सुंदर समजलं, की तिला हसू आलं.

गंध बाळंतिणीसाठी बनवला होता, पण तो तिला ओळखत नव्हता. तो नाक ओळखत होता. खोलीतल्या प्रत्येक मेंदूला तेच वाक्य ऐकू येत होतं: तू नीज, मी जागी आहे. सिस्टरला, डॉक्टरला, संग्रामला, तिला स्वतःला. खऱ्या सोबतीत त्या वाक्याने कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, कारण वाक्य बोलणारं माणूस खरोखर जागं असे. इथे वाक्य होतं, माणूस नव्हतं. बासष्ट टक्के हाका कमी झाल्या त्या घबराट गेली म्हणून नाही. पहारा गेला म्हणून. आणि मोजणारे सगळे त्याच हवेत उभे राहून मोजत होते.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्हालाच का नाही होत काही?"

"काय?"

"या खोल्यांत. तुम्हाला काय वाटायचं?"

"येकटं वाटायचं गं!" आक्का रडत होत्या. मागे रिक्षाचा आवाज होता. "सगळी असायची भवतीनं, आन् मी येकटी. मसनात उभं ऱ्हायल्यागत."

बरोबर. आपला वास आपल्याला लागत नाही. मेंदू स्वतःला सोबतीत धरत नाही. साथगंध आक्कांचा होता, म्हणून या मजल्यावर जागं राहू शकणारं माणूस जगात एकच होतं. प्रयोगाची सुरक्षितता तेवढी एकच बाई होती. आणि प्रयोग शुद्ध व्हावा म्हणून तृप्तीने नेमकी तीच वगळली होती. तिने हे चार ओळींत लिहिलं. खाली रेघ मारली. भडसावळेंना पाठवायला हवं.

"ताई," कांचन पुटपुटली, "बाळ कुठाय?"

"आहे कुणाकडे तरी."

अकरा पंचावन्नला आक्का आल्या. एका पायात चप्पल होती. जिन्यावरूनच त्यांचा आवाज आला. कॉरिडॉरमधल्या मुलीने आनंदाने हाक दिली, "बघा, आक्का आल्या!" आणि मजल्यावर होती नव्हती ती काळजीही विरली. आक्का घामाने निथळत होत्या.

त्यांनी पांघरूण ओढून फेकलं. कांचनच्या पोटावर दोन्ही मुठी रोवल्या आणि बेंबीखाली कणीक तिंबावी तसं दाबू लागल्या. "आवळ गं बाई, आवळ! सिस्टर! ही सुई हितं भरल्याली कशी? दिली न्हाई?"

फ्लोरिन सिस्टर दारात आल्या. "सरांनी दिली असेल."

मागोमाग उपाध्ये आले. "मला वाटलं, तुम्ही दिलीत." दोघांनी एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली.

आक्कांना सुई टोचता येत नव्हती. त्यांनी पोट सोडलं, उपाध्यांची कॉलर धरली आणि त्या सहा फुटी माणसाला फरफटत जिन्याच्या दाराबाहेर नेलं. दार उघडं राहिलं. तृप्तीला खाटेजवळून सगळं दिसत होतं. उपाध्ये जिन्यातल्या उघड्या खिडकीशी, वाऱ्याच्या झोतात उभे होते, अंगरखा सारखा करत. एक मिनिट गेलं. आक्का त्यांच्या छातीवर बुक्क्या मारत होत्या. दीड मिनिट. दोन.

मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तृप्तीने ते अगदी नीट पाहिलं. डोळे विस्फारले, तोंड उघडलं. "अरे देवा! अर्धा तास उलटला! सिस्टर, सुई! दुसरी शीर घ्या, रक्तपेढीला सांगा, चार बाटल्या, आत्ता!" ते धावले. दारातून वादळासारखे आत शिरले, कॉरिडॉर ओलांडला, खोलीत आले, ट्रेकडे हात केला.

खाटेपाशी येईतो त्यांचं पाऊल मंद झालं होतं.

त्यांनी सुई उचलली. तिच्याकडे पाहिलं. मग ती जपून परत ठेवली, जशी आपल्यामागून येणाऱ्यासाठी ठेवतात. "हो, द्यायला हवी," ते मऊ आवाजात म्हणाले.

"नाक दाबा! श्वास धरून या, मेल्यांनो, श्वास धरून!" आक्का पुन्हा कांचनवर वाकल्या होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्या दाबत होत्या, मोजत होत्या, शिव्या देत होत्या. आणि जितक्या झटत होत्या तितका त्यांना घाम फुटत होता, आणि जितका घाम फुटत होता तितकी खोली प्रसन्न होत होती. श्वास धरण्याची कल्पना तृप्तीला उत्तम वाटली. तिने ती लिहून घेतली.

मॉनिटरची रेघ लांबत गेली. कांचनचा हात कठड्यावरून घसरला.

"ए पोरी! माझ्याकडं बघ! ए! कोन हाय का रं? कोनतरी या!"

दारात गर्दी जमली होती. दोन परिचारिका, उपाध्ये, पोह्यांचा वास येणारा संग्राम, बाळाला खांद्यावर घेतलेली आया. सगळे मायेने पाहत होते. त्या म्हाताऱ्या बाईचा आक्रोश पाहून तृप्तीला खरोखर वाईट वाटलं. ती उठली, पुढे गेली आणि आक्कांच्या थरथरत्या खांद्यावर तिने हात ठेवला.

"आक्का, शांत व्हा," ती म्हणाली. "आहे कुणीतरी."